चौदा रुपयांच्या दोन खोल्या : पेठेतल्या एका वाड्याचे प्रकरण

२५ जुलै २०२४ चा पाऊस पुण्यातले लोक विसरलेले नाहीत. खडकवासल्यातून पाणी सोडले, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरले आणि बातम्या सगळ्या तिकडच्याच आल्या. त्याच रात्री मध्यवस्तीतल्या एका पेठेत एका वाड्याची मागची भिंत बसली. पांढऱ्या मातीची भिंत पाणी प्यायली की एकदम कोसळत नाही, आधी पोटातून फुगते. वरच्या मजल्यावरच्या माणसांना ते दोन दिवस आधीच दिसले होते, म्हणून ती खाली ओसरीत झोपली होती. कोणाला लागले नाही. आठवड्याने महापालिकेची नोटीस दारावर चिकटली : वाडा अतिधोकादायक, खाली करा.

मी भाड्याचे दावे चालवतो. वीस-बावीस वर्षे लघुवाद न्यायालयात तेच करत आलो. या प्रकरणात मात्र मी कोणाचाच वकील नव्हतो. मालक आणि भाडेकरू दोघेही मला ओळखत होते आणि दोघांनी मिळून मला मध्ये बसायला सांगितले. त्यांची नावे, पेठेचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत. बाकी जे घडले ते लिहितो, कारण मालकीची मर्यादा आणि समाजवाद हे दोन शब्द मी आयुष्यात पुष्कळ ऐकले, पण त्यांचा हिशेब माणसांसमोर मांडायची वेळ पहिल्यांदा या चौकात आली.

वाडा साडेतीन हजार चौरस फुटांच्या जागेवर. दगडी जोते, वर सागवानी सांगाडा, मूळच्या दोन चौकांपैकी एकच उरलेला. भाडेकरू नऊ. सहा ठिकाणी माणसे राहतात, दोन बिऱ्हाडांना कुलूप आहे आणि रस्त्याकडेला एक दुकान आहे. सगळ्यांचे मिळून महिन्याचे भाडे ६४० रुपये. म्हणजे वर्षाचे ७,६८०. एवढ्या पैशांत एका पावसाळ्याची शाकारणीसुद्धा होत नाही, वासे बदलणे तर दूरच.

मालक एकाहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, कोथरूडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. वाड्यात बहिणीचाही हिस्सा. लोक त्यांना अण्णा म्हणतात. पेठेतल्या वाड्याचा मालक म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो माणूस येतो तसे ते अजिबात नाहीत. त्यांच्या आजोबांची मावळात जमीन होती, ती कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कुळे कायद्यानेच मालक झाली. किंमत ठरली शेतसाऱ्याच्या पटीत, वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत, आणि तीही हप्त्यांनी. अण्णांचे पहिलेच वाक्य होते, "वकीलसाहेब, आधी शेत गेलं, आता वाडा चाललाय."

भाडेकरूंत सगळ्यात जुन्या काकू, वय चौऱ्याऐंशी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा त्यांचे नदीकाठचे बिऱ्हाड वाहून गेले. लग्नाला दोनच वर्षे झाली होती. सरकारने पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या केल्या, पण काकूंच्या घरच्यांना तिथे काही मिळाले नाही. अण्णांच्या वडिलांनी त्यांना वरच्या दोन खोल्या दिल्या. भाडे चौदा रुपये. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे होते. अजूनही काकू त्यांना "अरे" म्हणतात आणि ते त्यांना "काकू, तुम्ही" म्हणतात. पुढे जे काही बोलणे झाले ते या नात्याच्या आत राहून झाले, हे ध्यानात ठेवावे.

चौदा रुपयांचे पुढे काय झाले ते बघा. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा, अंमल फेब्रुवारी १९४८ पासून. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येणारे जास्तीत जास्त भाडे, आणि जागा त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेली असेल तर ते पहिले भाडे. महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या घरटंचाईत हा कायदा आला आणि तेव्हा त्याची नितांत गरज होती. नसता आला तर शहरातली निम्मी गरीब माणसे रस्त्यावर आली असती. पण टंचाईचा म्हणून केलेला हा कायदा मुदती वाढवत वाढवत पन्नास वर्षे चालला. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले की प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. तो कायदा मार्च १९९८ मध्ये संपणारच होता, म्हणून त्यांनी तो रद्द केला नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, अंमल ३१ मार्च २००० पासून. जुन्या भाड्यात पाच टक्के वाढ आणि पुढे दरवर्षी चार टक्के. अण्णांनी ती वाढ कधी घेतली, कधी घेतली नाही. मी बैठकीत कागदावर हिशेब करून दाखवला : एकही वर्ष न चुकता वाढ घेतली असती तरी २०२४ मध्ये काकूंच्या दोन खोल्यांचे भाडे ३८ रुपयांच्या आतच राहिले असते. अमृततुल्यमध्ये तीन जणांचा चहा.

पहिली बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौकातच झाली, तुळशीवृंदावनाला टेकू लावलेला होता त्याच्या शेजारी. अण्णा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले होते. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला होता आणि मथळा होता की खासगी मालमत्ता सरकारला सरसकट ताब्यात घेता येणार नाही. "म्हणजे आता मी मोकळा ना?" असे त्यांनी विचारले. लगेच काकूंचा मुलगा म्हणाला, "अण्णा, प्रस्तावनेत समाजवादी शब्द आहे अजून. तो कुठे काढलाय?" तो रिक्षा चालवतो, आणि त्याने हे वाक्य घरी ठरवून आणलेले दिसत होते.

दोघांचेही वाचन अर्धे होते.

घटनापीठापुढचा वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचा होता. म्हाडाच्या कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के रहिवासी एकत्र आले तर त्यांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादित करायची आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची. मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि प्रश्न घटनेच्या ३९(ख) कलमापर्यंत पोचला. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असे ते कलम सांगते. मग माझे घर ही समाजाची साधनसंपत्ती का? १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले होते की खासगी मालमत्ताही त्यात येते. आताच्या सात न्यायाधीशांच्या बहुमताने ते मत बाजूला ठेवले. सगळी खासगी संपत्ती त्यात येत नाही, काही येऊ शकते. ती वस्तू कोणती, किती दुर्मीळ, थोड्यांच्या हातात एकवटल्याने समाजाचे काय होते, हे बघून ठरवायचे. न्यायमूर्ती नागरत्ना अंशतः सहमत होत्या, न्यायमूर्ती धुलिया यांनी विरोधी मत लिहिले.

पुण्याच्या भाडे कायद्याला या निकालाने धक्का लागलेला नाही, हे मी अण्णांना सांगितले. भाड्यावर नियंत्रण आणणे आणि घर काढून घेणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मालमत्ता हा १९७९ पासून मूलभूत हक्कच नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क काढून ३००-क हे कलम आणले : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. याचा अर्थ हक्क मेला असाही नाही. मे २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात म्हटले की या कलमात नोटीस, सुनावणी आणि रास्त मोबदला या गोष्टी आपोआप येतात.

मुलाला मी दुसरी बाजू सांगितली. 'समाजवादी' हा शब्द १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीत आला. घटना समितीत १९४८ साली के. टी. शहांनी तो घालायची दुरुस्ती मांडली होती आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातली समतेची तत्त्वे मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहेत, हेही त्यांनी दाखवले. आमच्या बैठकीनंतर दोनच आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, हा शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका न्यायालयाने फेटाळल्या आणि सांगितले की आपल्याकडे समाजवादाचा अर्थ कल्याणकारी राज्य, संधीची समानता. खासगी उद्योगाला त्यात मज्जाव नाही. चौदा रुपयांची पावती त्या शब्दातून निघत नाही, ती भाडे कायद्यातून निघते.

इथवर कायदा होता. पण माणसे कायद्यासाठी जमलेली नव्हती.

एका खोलीत एक निवृत्त कंपोझिटर एकटे राहतात. बुधवारातल्या छापखान्यात आयुष्य गेले. ते सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे ते सांगत होते. मालकी असते ती कशासाठी असते हे पुण्याने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे, असे त्यांना म्हणायचे होते. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फुल्यांनी स्वतःचा हौद खुला केला हो. शेजाऱ्याचा नाही. माझ्या वडिलांचा हौद सरकारनं खुला केला आणि कळशी माझ्या हातात दिली."

हे वाक्य मी घरी जाऊन लिहून ठेवले. या प्रकरणात कोणी काही खरे बोलले असेल तर ते हे, आणि कंपोझिटरांचेही तितकेच खरे होते. दोन्ही कसे खरे, हे सांगायला मला थोडी जागा लागेल.

अण्णांच्या मालकीला मर्यादा घालण्याचा समाजाला अधिकार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या साडेतीन हजार फुटांची आज जी किंमत आहे ती अण्णांनी निर्माण केलेली नाही. त्यात खडकवासल्याचे पाणी आहे, १८८६ पासूनची मंडई आहे, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग आहे. वाड्यापासून स्टेशन चालत सात मिनिटांवर. हे सगळे शहराने, कर भरणाऱ्यांनी उभे केले. वडिलोपार्जित जागा म्हणून त्याचा सगळा लाभ एका घराला मिळावा हे मला पटत नाही. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला, जिने त्या दोन खोल्यांत त्रेसष्ट वर्षे काढली, बाजारभाव देता येत नाही म्हणून जिना उतरायला लावणे याला मी हक्क म्हणणार नाही. घर ही इतर मालासारखी वस्तू नाही.

पण मर्यादा घालणे एक आणि त्या मर्यादेची किंमत कोणावर टाकणे हे दुसरे. इथेच आमच्याकडे फार मोठी चूक झाली. १९६१ मध्ये निर्वासित कुटुंबाला घर देणे हे सरकारचे काम होते. ते काम अण्णांच्या वडिलांनी केले. त्यांनी ते माणुसकीने केले, पण त्या माणुसकीला कायद्याने कुलूप घातले आणि किल्ली फेकून दिली. गरिबाला स्वस्त घर मिळावे हा समाजाचा निर्णय असेल तर त्याचा पैसा समाजाच्या तिजोरीतून यायला हवा होता. फरक भरून देता आला असता. दुरुस्तीचा निधी उभा करता आला असता. रास्त किंमत देऊन वाडे विकतही घेता आले असते. मुंबईत निदान १९६९ पासून दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, भाडेकरू आणि मालक दोघांकडून पैसे घेऊन इमारती टेकू देऊन तरी उभ्या ठेवल्या. पुण्याच्या वाड्यांना ते छत्रही मिळाले नाही. पेठांतले वाडे पडले ते पावसाने पडले असे आपण म्हणतो. ते भाडे आणि दुरुस्ती यांच्यातल्या दरीने पडले, पाऊस शेवटी आला.

मुंबईचे शंभर पटीचे सूत्र इथे लावले असते तर? ६४० गुणिले शंभर, म्हणजे चौसष्ट हजार रुपयांत पुण्याच्या मध्यवस्तीतला अख्खा वाडा. गोठवलेल्या भाड्यावर मोबदला ठरवायचा म्हणजे आधी किंमत पाडायची आणि मग पाडलेल्या किमतीला घ्यायचे. समाजवादाच्या नावाने हे होते तेव्हा मला राग येतो, कारण त्याने त्या शब्दाची बदनामी होते. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या गावात हा शब्द कधी तरी ताठ मानेने उच्चारला जात होता.

मालमत्तेचा हक्क हा श्रीमंतांचाच कैवारी असतो असे मानणाऱ्यांनी मुळशी आठवावी. १९२१ मध्ये टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी भूसंपादन कायद्याने घेतल्या जात होत्या आणि सेनापती बापटांच्या मागे उभे राहिलेले शेतकरी आपल्या मालकीसाठीच लढत होते. तेव्हा सरकार 'सार्वजनिक उपयोग' म्हणत होते.

दुसऱ्या बैठकीत प्रकरण वेगळीकडेच वळले. मालक विरुद्ध भाडेकरू असा वाद आहे हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मी नऊही पावतीपुस्तके समोर घेतली तेव्हा दिसले की 'भाडेकरू' हा एक माणूस नाहीच. कुलूप लावलेल्या दोन बिऱ्हाडांपैकी एकाचा बाणेरला स्वतःचा फ्लॅट आहे, दुसऱ्याचा मुलगा परदेशात स्थायिक आहे. खोल्या सोडत नाहीत, कारण बिल्डर आला की काहीतरी मिळेल. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे हे कायद्यात ताबा मागायचे कारण आहे, पण अण्णांच्या अंगात पुन्हा दावा लावायचे त्राण नव्हते. मुलाच्या गरजेसाठी १९९६ मध्ये लावलेला एक दावा ते तेरा वर्षे लढले आणि हरले. कोणाला जास्त त्रास होईल याची तुलना न्यायालय करते, आणि ती तुलना भाडेकरूच्या बाजूने गेली. मुलगा तोवर बंगळूरला स्थायिक झाला.

आणि दुकान. मूळ भाडेकरू अण्णांना महिना दीडशे रुपये देतो आणि स्वतः तिथे बसत नाही. जो बसतो तो त्याला आजच्या बाजाराचे भाडे देतो. कागदावर दोघांची भागीदारी आहे. काकूंच्या मुलाने हे ऐकले आणि तो अण्णांकडे वळून म्हणाला, "म्हणजे आमच्या नावाचा कायदा, आणि खातंय कोण?" त्या क्षणापासून बैठकीतल्या बाजू बदलल्या. चाळीस हजारांचे भाडे घेणारा पोटमालक आणि दोन खोल्यांतली म्हातारी यांना एकाच कलमाचे संरक्षण मिळते, कारण कायद्याने कधी विचारलेच नाही की तुझी गरज काय. गरज न विचारता वाटलेले संरक्षण पोचते ते चिवटाकडे.

वाडा पडू द्यावा, पडला की सगळे सुटतील, असा सल्लाही अण्णांना कोणीतरी दिला होता. पूर्वी मालक असे करायचे. मी त्यांना २०१४ चा निकाल दाखवला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही, कारण भाडेपट्टा जमिनीचाही असतो. अण्णा म्हणाले, "मला पाडायचा नव्हताच. मी तिथेच जन्मलोय."

मग आम्ही कामाला लागलो. वाडा शनिवारवाड्याच्या शंभर मीटरांच्या बंदीच्या बाहेर होता, हे नशीब. त्या शंभरात असता तर नवे बांधकामच करता आले नसते आणि ही सगळी चर्चा वाया गेली असती. तसे अडकलेले शेजारी आहेत, त्यांच्या मर्यादेचीही किंमत त्यांना कोणी देत नाही. पुनर्विकासाचे नियम जुन्या भाडेकरूंचे पुनर्वसन केले तर जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देतात. ते जादा क्षेत्र म्हणजेच, माझ्या मते, समाजाने उशिरा दिलेला हिस्सा. तो कोणाला किती जावा यावर तीन बैठका गेल्या.

ठरले ते असे. राहणाऱ्या सहा बिऱ्हाडांना मालकीचे घर, कोणाकडूनही पैसे न घेता. बांधकाम होईपर्यंतचे भाडे बिल्डरने द्यायचे, आणि काकूंना पेठेतच, चालत मंडईला जाता येईल अशा ठिकाणी जागा द्यायची. ही अट काकूंनी स्वतः घातली. कुलूपबंद बिऱ्हाडांना घर नाही, ठरावीक रक्कम. एकाने घेतली. दुसऱ्याच्या मुलाचे उत्तर अजून यायचे आहे. अण्णा आणि त्यांच्या बहिणीला चार घरे. सुरुवातीला ते सहा मागत होते. खाली उतरले ते माझ्या युक्तिवादाने नव्हे. काकूंनी शेवटच्या बैठकीत आपला पत्र्याचा डबा आणला, त्यात १९६१ पासूनच्या पावत्या होत्या, पहिल्या काहींवर अण्णांच्या वडिलांची मोडीतली सही. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या वडिलांनी दिलं तेव्हा आमच्याकडे अंगावरच्या कपड्याशिवाय काही नव्हतं. कमी दिलंय आम्ही, मला कळतं. पण मागितलं असतंस तर दिलं असतं रे." अण्णा म्हणाले, "काकू, मागायला कायद्यानं मनाई होती." कायद्याने तशी मनाई होती हे खरे. प्रमाण भाड्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा होता.

दुकान राहिले. भागीदारी खोटी आहे, हे पोटभाडे आहे, म्हणून अण्णांनी लघुवाद न्यायालयात दावा लावला आहे. यावेळी साक्षीदारांच्या यादीत काकूंच्या मुलाचे आणि कंपोझिटरांचे नाव आहे. मी दोघांचा मध्यस्थ होतो, त्यामुळे त्या दाव्यासाठी अण्णांना दुसरा वकील शोधून दिला. मागच्या भिंतीला सध्या लोखंडी टेकू आहेत, वरचा मजला रिकामा केला आहे, आणि काकू खालच्या ओसरीशेजारच्या खोलीत राहतात. त्या खोलीचे भाडे किती लावायचे हे अण्णांनी मला विचारले होते. मी म्हटले, ते तुम्ही दोघे ठरवा.